कोरड्या तळ्यातले ब्रेक

ब्रेकचा लिव्हर दाबला की आधी टणक लागायचा. मग दाबून धरला की हळूहळू खचत हँडलला टेकायचा. चौथ्यांदा ब्लीडिंग करूनही तेच. मी पान्हा खाली ठेवला आणि चाकाला पाठ टेकून बसलो. गुडघे दुखत होते. सकाळी आलो होतो, आता ऊन कलायला लागलं होतं.

बसलो होतो ते तळ्याच्या तळाशी. शहरातून अजिंठ्याकडे निघालं की अर्ध्या तासावर विलासरावांची जमीन होती, आणि जमिनीत हे जुनं तळं. शहर त्या बाजूला सरकत होतं, सुटीच्या दिवशी लोकांना कुठंतरी जायचं असायचं. विलासरावांनी शेती भावाकडे सोपवून तळ्याकाठी पिकनिकची जागा केली, पायडलच्या बोटी आणल्या. दोन वर्षं बरी गेली. मग लागोपाठ पाऊस हुकला आणि तळं आटलं. बोटी काठावर पालथ्या पडल्या. विलासराव गप्प बसणारे नव्हते. त्यांनी तीन एटीव्ही घेतल्या आणि त्याच तळ्यात जुने टायर पुरून ट्रॅक आखला. एटीव्ही म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेली, जाड टायरांची चारचाकी.

या गाड्यांचं काम माझ्याकडे होतं. वाळूजच्या एका कंपनीत मी वीस वर्षं सर्व्हिस डिपार्टमेंटला होतो, नंतर औरंगपुऱ्यात स्वतःचं गॅरेज टाकलं. आमच्याकडे आजोबांपर्यंत भिक्षुकी, वडील कचेरीत कारकून. त्यामुळे 'जोशी मिस्त्री' म्हटलं की नवं गिऱ्हाईक एकदा तरी निरखून बघायचं.

गुरुवारी दोन नंबरची गाडी उतारावर थांबलीच नाही. सुखदेव चालवत होता. तो पूर्वी या तळ्यावर बोटी सांभाळायचा, बोटी बंद पडल्यावर गाड्या सांभाळायला लागला. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. ब्रेक लागत नाही म्हटल्यावर त्याने गाडी काठाकडे वळवून पालथ्या बोटींवर घातली. बोट फुटली, त्याचं उजवं मनगट मुरगळलं. मागच्या सीटवर कोणी नव्हतं, हे नशीब. विलासरावांचा फोन आला, "जोशीसाहेब, रविवारी एका कंपनीची पिकनिक आहे. बायका-पोरं सगळी येणार. तिन्ही गाड्यांचे ब्रेक करून द्या." शनिवारी सकाळी मी सामान घेऊन हजर झालो.

ब्लीडिंग म्हणजे काय ते सांगतो. आपण लिव्हर दाबतो तेव्हा त्याच्याखालच्या छोट्या पंपातलं ब्रेक ऑइल नळीतून चाकापर्यंत जोर नेतं. त्या पंपाला मास्टर सिलेंडर म्हणतात. पातळ पदार्थ दाबला जात नाही, म्हणून जोर पोहोचतो. नळीत हवा शिरली की हवाच दाबली जाते आणि ब्रेक लागत नाही. शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, काळं पडतं. म्हणून ठरावीक काळाने जुनं काढून नवं भरायचं आणि सोबत हवाही काढायची. मास्टर सिलेंडरपासून जे चाक लांब, त्यापासून सुरुवात. चाकाजवळच्या निपलला, म्हणजे ऑइल सोडायच्या बारीक पोकळ बोल्टला, पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडायची. एकाने लिव्हर दाबायचा, दुसऱ्याने निपल सैल करून ऑइल सोडायचं, परत आवळायचं, मगच लिव्हर सोडायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच.

लिव्हरवर सुखदेव होता. उजव्या हाताला पट्टी, म्हणून तो हँडलच्या पुढे उलटा बसून उजवीकडचा लिव्हर डाव्या हाताने दाबत होता.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा… हं, सोडा."

असं आम्ही शेकडो वेळा केलं असेल. मध्ये एकदा थोडं ऑइल टाकीवर सांडलं. हे ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवावं लागतं. मी पाणी मागितलं. सुखदेवने काठावरच्या पिंपाकडे पाहिलं. टँकर दोन दिवस आला नव्हता.

"प्यायचंच हाय साहेब," तो म्हणाला. तरी अर्धा तांब्या घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने जपून ओतला.

तर चौथ्यांदाही लिव्हर खचला. हवा राहिली असती तर तो पहिल्यापासूनच लिबलिबीत लागला असता. हा आधी टणक आणि मग खाली. म्हणजे पंपाच्या आतून कुठंतरी जोर निसटत होता. मी जुन्या ऑइलची बाटली उचलून उजेडात धरली. आत दोन थर होते. खाली काळपट ब्रेक ऑइल आणि वर मधासारखं काहीतरी तरंगत होतं. बोटाला घेऊन चोळलं. बुळबुळीत. वास ओळखीचा होता.

मी मास्टर सिलेंडरचं झाकण पुन्हा काढलं. झाकणाखाली रबराचा पातळ पडदा असतो. सकाळी तो वाकडा दिसला होता, उन्हाने झाला असेल म्हणून मी पुढे गेलो होतो. आता नीट पाहिला. फुगून दीडपट झाला होता. खाचेत बसेचना.

"सुखदेवराव, यात इंजिन ऑइल कोणी टाकलं?"

त्याने लिव्हरवरचा हात काढला. मग म्हणाला, "म्या."

"का?"

"तुमीच म्हणले होते ना साहेब. मागल्या टायमाला. डबीवरल्या रेघेच्या खाली गेलं की ऑइल टाकत जावा म्हणून. जनरेटरचा डबा व्हता. त्याच्यावर ऑइलच लिव्हलेलं हाय."

"तिन्ही गाड्यांत?"

"व्हय. तिन्हीत. समद्यांचं रेघेखाली गेलतं."

मला ती वेळ लख्ख आठवली. मी हेल्मेट चढवत होतो, गाडी चालू होती. जाता जाता हेच म्हणालो होतो. आम्ही धंद्यातले सगळेच त्याला ब्रेक ऑइल म्हणतो. पण त्यात तेल नसतंच. ते वेगळंच रसायन असतं आणि आतली रबरं त्याच्यासाठीच बनवलेली असतात. खरं तेल लागलं की ती फुगतात, मऊ होतात, कडेने फाटतात. हे मला कंपनीत पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. सुखदेवला कोण शिकवणार होतं?

तेवढ्यात विलासरावांची जीप काठावर थांबली. ते उतार उतरून आले.

"झालं का?"

"नाही. आणि उद्यापर्यंत होणारही नाही. आत चुकीचं ऑइल गेलंय. तिन्ही गाड्यांची रबरं बदलावी लागतील. रबरांचं किट पुण्याहून मागवायचं. आठ दिवस."

"अहो, उद्या पन्नास माणसं येणारेत! मी शब्द दिलाय. हळू चालवू ना. सपाटीवर फिरवू नुसतं."

"मागचा ब्रेक तारेचा आहे. दोन माणसं बसल्यावर तो गाडी धरत नाही. पुढचा हा असा."

त्यांनी स्वतः लिव्हर दाबला. तो टणक लागला. "लागतोय की!"

"धरून ठेवा."

लिव्हर हळूहळू त्यांच्या मुठीत खचला. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "कोणी टाकलं ऑइल?"

खरं सांगायचं तर, सुखदेवचं नाव घेतलं असतं तर माझं काम टिकलं असतं. सुखदेव पालथ्या बोटींकडे बघत होता. त्याला त्या वर्षी दुसरीकडे काम मिळणं शक्य नव्हतं, गावातले निम्मे लोक शहरात बांधकामावर गेले होते.

"माझ्या सांगण्यावरून गेलं," मी म्हणालो. "मी नीट सांगितलं नव्हतं."

"वीस वर्षं कंपनीत काढली म्हणता ना तुम्ही?"

मी पान्हा पेटीत ठेवला.

"वतलं मीच, मालक," सुखदेव मध्येच म्हणाला. "अन् एक सांगतो. उद्या मी ह्या गाडीवर कुणाला बसवणार नाय. परवा माझ्या मागं पोरगं असतं तर काय केलं असतं? लई झालं तर काढून टाका मला."

विलासराव त्याच्याकडे वळले. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते जाऊन पालथ्या बोटीवर बसले आणि रुमालाने मान पुसली. थकलेच होते तेही. मग उठले. "किल्ल्या दे इकडं," एवढंच म्हणाले, तिन्ही किल्ल्या खिशात टाकल्या आणि गेले.

रविवारी पिकनिक झाली. लोकांनी तळ्यात क्रिकेट खेळलं, असं सुखदेवने फोनवर सांगितलं. किट यायला आठाचे अकरा दिवस लागले. मी दोन दिवस तिथं बसून तिन्ही गाड्यांचे पंप आणि चाकांवरचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकच्या पकडी, उघडले, नळ्या धुतल्या, सगळी रबरं बदलली, नवं ऑइल भरून ब्लीडिंग केलं. लिव्हर जिथं टणक लागला तिथंच राहिला. सुखदेवने गाडी उतारावर नेऊन पाच वेळा थांबवून दाखवली. विलासराव काठावरून बघत होते. खाली आले नाहीत. त्यानंतर त्यांनी काम दुसऱ्या गॅरेजला दिलं. मी रागावलो नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

सुखदेवला मात्र त्यांनी ठेवलं. पुढं तळ्याभोवतीची जमीन प्लॉट पाडून विकली तेव्हा साइटवर वॉचमन म्हणूनही तोच राहिला.

तेव्हापासून मी गाडी देताना तोंडी काही सांगत नाही. योग्य द्रवाचा सीलबंद डबा गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि त्यावरचं नाव त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. काहींना ते अपमानास्पद वाटतं. वाटू दे.