आठ नसलेली संख्या

साड्यांवर खडे चिकटवायच्या गोंदाचा उग्र वास आला, की मला गोडादऱ्याची आमची पत्र्याची खोली आठवते. भाऊ कडोदऱ्याच्या रस्त्यावर अपघातात गेला, त्याला महिनाही झाला नव्हता. आई मांडीवरच्या साडीला खडे लावत बसायची, कुणाशी बोलायची नाही. तिला बोलतं करावं म्हणून एका दुपारी मी मोबाइलवर शाळेत शिकलेली गंमत दाखवली. १२३४५६७९ ला नवानं गुणलं आणि पडद्यावर १११११११११, नुसते एक उभे राहिले. गोंदाचं बोट हवेत धरून आईनं मला आधीची संख्या पुन्हा वाचून दाखवायला सांगितली. “यामा आठ कोठे शे?” तिनं अहिराणीत विचारलं. ती बोलली याच आनंदात मी म्हणाले, “आठ नाहीच त्यात. घातला की उत्तर बिघडतं. तो नाही म्हणूनच सगळं जमतं.” “मंग आपलं काबर जमत नही?” आई एवढंच म्हणाली आणि तिनं पुढचा खडा उचलला. आता मी शिकवणीत गणित शिकवते. ही संख्या फळ्यावर लिहिताना माझा हात मध्ये आठ घालतोच. उत्तर बिघडतं, ते मी बिघडू देते.