उबेत आणलेलं रक्त

थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. त्या आंदर मावळात घर, गुरं, भातखाचरं सांभाळतात. मी वराळ्यात राहते आणि तळेगावच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. दोन वर्षांपूर्वी थंडी पडली तसं अक्कांनी ओढ्यावर धुणं न्यायचं सोडलं. गार पाण्यात उतरलं की पायांवर जांभळे ठिपके उठायचे, सांधे आखडायचे. घरचे म्हणाले, अंगचोरपणा. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. सुट्टीला गेले की धुणं माझ्याच गळ्यात पडायचं ना!

लघवीतून प्रथिनं जाताहेत असं दिसल्यावर लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक वेगळी तपासणी लिहून दिली. मी गावी जाऊन रक्त काढलं, बर्फाच्या डब्यातून आणलं. काही सापडलं नाही. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. मग मी सगळ्या घरासमोर छातीठोकपणे सांगितलं, "रिपोर्ट साफ आहे. अक्कांना काहीही झालेलं नाही." दुसऱ्या दिवसापासून अक्का मुकाट्यानं ओढ्यावर जायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंना मात्र पटेना. त्यांनी फोन केला. "रक्त आणलंत कसं?"

"बर्फात. नेहमीसारखं."

"आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

चिठ्ठी पर्समध्येच होती. 'उबेत ठेवणे' असं स्वच्छ लिहिलेलं. रक्त म्हणजे बर्फ, ही सवय हाताला इतकी बसलेली की मी ते वाचलंच नव्हतं. बाईंनी न चिडता समजावलं. रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, ज्याला पकडतात त्याला चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि रक्ताबरोबर फिरत राहतात. बारीक रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडांत ते अडकले की तिथं सूज येते. अक्कांचे पुंजके गारठ्यानं साकळणारे असावेत, असा त्यांचा संशय होता. नळी थंड झाली की ते खाली बसतात, गुठळीबरोबर टाकले जातात आणि वरचं सीरम, म्हणजे पिवळसर पाणी, निर्दोष दिसतं. "उशीर झाला तर किडन्या जातील," त्या म्हणाल्या.

तिसऱ्यांदा थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन गेले. नळी पिशवीत गुंडाळून त्यात ठेवली आणि एसटीत थर्मास मांडीवर धरून तळेगावला आले. सीरम उबेतच वेगळं केलं, मग पुंजके खाली बसतात का ते बघायला फ्रीजमध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी तळाशी पांढरा साका दिसला. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

रविवारी गावी गेले. अक्का चुलीपाशी पाय शेकत बसल्या होत्या.

"अक्का, आजार सापडला. औषध सुरू करायचंय."

"आदीच्या दोन टायमाला नव्हता व्हय?"

खोटं बोलले असते तरी कुणाला कळलं नसतं. "होता. मी रक्त बर्फात घातलं, म्हणून दिसला नाही. चूक माझी."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "तू लय ठाम सांगितलंस गं. मलाबी वाटाया लागलं व्हतं, दुखत न्हाई, मी सोंगच करतीया."