पायऱ्यांवरचे दुपट्टे

आमच्या घराजवळच्या पडीक मैदानात आधी म्हशी बसायच्या, आता माणसं बसतात. अर्धगोल पायऱ्या, पायथ्याशी छोटा रंगमंच, भिंतींवर रंगवलेले वाघ, आणि मागच्या बाजूला समोसे, पाणीपुरी, रसाच्या गाड्या. शनिवारी संध्याकाळी कोणीही नाव नोंदवावं आणि थोडा वेळ त्या मंचावर वाटेल ते करावं. एकदा एका गृहस्थांनी तिथे नुसतं शीर्षासन केलं. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

तर माझ्या बायकोने तिथे नाव नोंदवलं. ती नकला करते. म्हणजे लग्न झाल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात करते. प्रेक्षक मी आणि तव्यावरची पोळी. माझ्या घराण्यातला एकही माणूस तिने सोडलेला नाही. पण माईकवर, चारचौघांत, पहिल्यांदाच. तो आठवडा तिचं जेवणात लक्ष नव्हतं. भांडी घासता घासता मधेच थांबून विचारायची, "कोणी हसलंच नाही तं जी?"

"हसत कसे नाही? आपलेच लोकं बोलावतो ना," मी म्हणालो आणि कामाला लागलो. कामाला लागलो की मी कोणाचं ऐकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कळमन्याच्या मोठ्या भावाला फोन, कन्हानच्या बहिणीला फोन, लकडगंजच्या साळ्याला फोन. सगळे सहकुटुंब यायला तयार. मग जागेचा प्रश्न.

जागा धरणं ही माझ्या अंगातली एकमेव कला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. आमच्याकडे उन्हामुळे घरोघरी दुपट्ट्यांचा ढीग असतो, डोक्याला बांधायला. तो सगळा ढीग स्कूटरवर घालून मी ऊन उतरायच्या आत पोचलो आणि अगदी वरची सोडून सगळ्या पायऱ्या दुपट्ट्यांनी झाकून टाकल्या. नागपूरचा माणूस कशावरूनही भांडेल, पण दुसऱ्याने टाकलेलं कापड उचलणार नाही. पाहून मलाच समाधान वाटलं.

आणि खरं सांगतो, सगळे आले. वेळेवर आले. भावाने आल्या आल्या विचारलं, "जागा धरली ना रे?"

"एकदम पुढची," मी ऐटीत म्हणालो.

"मंग घाई काहून करता गा?" असं म्हणून तो समोशाच्या गाडीकडे वळला. त्याच्यामागे बहीण, तिच्यामागे साळा, आणि त्यांच्यामागे लेकुरवाळं सगळं लटांबर. जागा धरलेली असली की माणसाला भूक लागते.

बायकोचं नाव पुकारलं तेव्हा मंडळींची दुसरी प्लेट चालू होती. मी गाड्यांकडे धावलो, ओरडलो, कोणी हललं नाही. बहीण म्हणाली, "येऊनच राहिलो, चटणी तं संपू दे." मी तसाच परत फिरलो. सगळ्यात वरच्या पायरीवर पोचलो.

खाली मंचावर बायको माईक धरून उभी. तिच्यासमोर दुपट्टे. नुसते दुपट्टे. आणि परकी माणसं वर, माझ्या आजूबाजूला दाटीवाटीने उभी, कारण जागा धरलेली. ती एकेका दुपट्ट्याकडे पाहत होती. मला वाटलं, धावत जाऊन तिला घरी न्यावं. इतका राग मला स्वतःचा क्वचितच आला असेल.

तेवढ्यात ती वाकली आणि पहिल्या पायरीवरच्या केशरी दुपट्ट्याला नमस्कार केला.

"या भाऊजी, लई लवकर आले!" मग लोकांकडे वळून, "हे माह्ये भासरे. कळमन्याले संत्र्याचा धंदा हाय, रंगावरून ओळखलंच असंन तुमी." वाऱ्याने शेजारच्या दुपट्ट्याचं टोक फडफडलं. "अन् हे नणंदबाई. बसल्या नाही तं पदर सावरून राहिल्या. आता म्हणतीन," आणि हुबेहूब माझ्या बहिणीच्या आवाजात, "वैनी, चहा नाही ठेवला काय वं?"

वर कोणीतरी फिस्सकन हसलं. ती कोपऱ्यात बोळा होऊन पडलेल्या दुपट्ट्याकडे गेली. "हा माहा सख्खा भाऊ, लकडगंजचा. कोठीबी गेला की झोपते." आणि माईकमध्ये असं घोरली की गाड्यांवरचे लोक वळून पाहायला लागले. हशा थांबेना. मग तिने वर हात केला. "तुमी उभे काहून राहिले? उचला या पाव्हण्यायले अन् बसा. हे काही बोलत नाही, हेच ह्यायचं चांगलं हाय."

लोक उतरले, दुपट्टे गळ्यात घालून बसले, आणि पोट धरून हसले.

सगळं आटोपल्यावर आमची मंडळी बोटं चाटत आली. केशरी दुपट्टा घेतलेल्या बाईंनी भावाच्या शर्टावरचं त्याच्या संत्र्याच्या दुकानाचं नाव वाचलं आणि ओरडल्या, "भासरे आले!" पायऱ्याच्या पायऱ्या टाळ्या वाजवायला लागल्या. भावाने चारही दिशांना हात जोडले. त्या भागात आपल्याला मान आहे, असं त्याला अजूनही वाटतं.

परत जाताना ती स्कूटरवर मागे, मधे दुपट्ट्यांचं गाठोडं. मला वाटलं, रागावली असणार. सिग्नलला थांबल्यावर मी म्हणालो, "आपल्यातलं कोणीच नव्हतं वं पाहाले."

"तेच तं," ती म्हणाली. "ओळखीचं कोणीच नव्हतं. तरी हसले ना जी."