करमत नाही म्हणजे काय

लग्न होऊन दौंडला आले तेव्हा पहिलं वर्षभर मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. करमतं का? शेजारणी विचारायच्या, भाजीवाली विचारायची, नवऱ्याच्या कंपनीतले मित्र चहाला आले की तेही विचारायचे. या प्रश्नाला उत्तर एकच असतं, करमतं. नव्या नवरीने करमत नाही म्हटलं तर तिला माहेरची आठवण येते असं समजायचं, आणि होईल सवय म्हणून सोडून द्यायचं. बाईच्या तोंडी या शब्दाला आमच्याकडे दुसरा अर्थ नाही. हे मला पक्कं माहीत होतं. तरी दहा वर्षांनी मी तोच शब्द वापरला, कारण दुसरा सापडला नाही.

मी ब्लाऊज शिवते. पुढच्या खोलीत माझं मशीन आहे आणि दोरीला हँगर टांगलेले आहेत. दौंडात टेलर गल्लोगल्ली आहेत, पण माझी बाही खांद्याला बसते, म्हणून पाटस-कुरकुंभहूनही बायका येतात. मुलगी दोन वर्षांची असताना मी पहिल्यांदा आजारी पडले. तेव्हा मी रडायचे. सकाळी, दुपारी, पोळ्या लाटताना, नुसती रडायचे. रडणारं माणूस इतरांना कळायला सोपं असतं. नवऱ्याने पुण्याला नेलं, डॉक्टरने गोळ्या दिल्या, माहेरी अशक्तपणा आहे असं कळवलं. पुढे मी बरी झाले. बरी झाले म्हणजे 'उद्याच पाहिजे' म्हणणाऱ्या बायकांशी पुन्हा भांडायला लागले.

मग गोळ्या बंद झाल्या. बंद करा असं कुणी म्हणालं नाही. आमच्यात औषधाचा एक नियम आहे, गुण आला की सोडायचं. बीपी-शुगरची गोळी जन्माची असते हे आता सगळ्यांना पटलंय. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, रोज सकाळी चहानंतर बीपीची गोळी घेतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पण डोक्याची गोळी जन्माची म्हटलं की माणूसच खराब निघालं असं होतं. आत्या प्रेमाने म्हणाल्या, चांगली हसतीस-बोलतीस, आता कशाला ते पोटात घालायचं? पाकीट संपलं, दुसरं आणलं नाही. कितीतरी महिने काही बिघडलंही नाही.

आजार परत आला तो रडत आला नाही, म्हणून कुणी ओळखला नाही. मीही नाही. या वेळी रडू आलं नाही, काहीच आलं नाही. चहा गरम आहे एवढं कळायचं, चांगला आहे की नाही ते कळायचं नाही. केस धुवायचे म्हटलं की आधी अर्धा तास बसून राहायचे. मुलगी शाळेतलं काही सांगायची, मी हं हं करायचे, आणि ती थांबली की मला बरं वाटायचं. बरं म्हणजे, आवाज थांबल्याचं.

एका लग्नाचा ब्लाऊज माझ्याकडे होता. पैठणीचं कापड, काठ मोजकाच. बाह्या कापताना कापड दुमडून समोरासमोर ठेवावं लागतं, म्हणजे एक डाव्या हाताची येते, एक उजव्या. शिकाऊ पोरीसुद्धा पहिल्या आठवड्यात हे शिकतात. मी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या. एरवी मी लगेच तसलाच काठ शोधायला बाजारात पळाले असते. मी त्या दोन बाह्यांकडे बघितलं, पिशवीत घातल्या आणि बसून राहिले. संध्याकाळी नवरीची आई आली आणि दारात उभी राहून बोल बोल बोलली. दौंडच्या फलाटावर दुसऱ्याच गाडीची घोषणा चालू असावी तसं ते मला ऐकू येत होतं.

हे शेजारणीने माझ्या नवऱ्याच्या कानावर घातलं. तो कुरकुंभला एका केमिकल कंपनीत शिफ्टला आहे. बोलणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टला जाण्याआधी जेवता जेवता त्याने विचारलं, काय होतंय तुला? मी खरंच शोधलं. दुखत नव्हतं, ताप नव्हता, कुणावर राग नव्हता.

"करमत नाही," मी म्हणाले.

त्याचा घास हातातच राहिला. "इथं?"

कुठंच, असं म्हणायचं होतं. तेवढा एक शब्द तोंडापर्यंत आणायचं बळ नव्हतं. त्याने माझ्या गप्प बसण्याचं त्याला समजेल ते उत्तर करून घेतलं आणि डबा उचलून निघून गेला.

दहा वर्षांनी बायको करमत नाही म्हणते, हे त्याला लागलं असणार. पण माणूस सरळ. सुट्टीच्या दिवशी त्याने मला शिरूरच्या एसटीत बसवून दिलं, आठ-पंधरा दिवस राहून ये म्हणाला. मुलीची शाळा होती म्हणून ती आत्यांपाशी राहिली. स्टँडवर तिने माझं बोट धरलं होतं, ते मी सोडवून घेतलं आणि गाडीत चढले. मला काही वाटलं नाही. हे आज लिहायला जड जातंय, तेव्हा गेलं नाही.

उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत रांगत गाडी शिरूरला पोचली. तिथून दादाने, माझ्या थोरल्या भावाने, मोटारसायकलवर घरी नेलं. आमचं गाव पाबळच्या रस्त्याला आहे. आईने मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी केली होती. जेवण झाल्यावर तिने हळूच विचारलं, काय झालं गं? मी तेच सांगितलं, करमत नाही.

सासरी या शब्दाचा अर्थ माहेर हवं असा झाला होता. माहेरी त्याचा अर्थ सासरचे छळतात असा झाला. दादाने आडपडदा ठेवला नाही, हात उचलतो का म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले. सासू टोचून बोलते का? नाही. मग काय होतं? मी परत तेच म्हणाले, करमत नाही. नांदती बाई सासरचं झाकते हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत, त्यामुळे मी जितकं नाही म्हणाले तितकी त्यांची खात्री पटत गेली. शेवटी मी नाही म्हणणंही सोडलं. बोलायचं म्हणजे काम वाटायचं. दिवसभर भिंतीला टेकून बसायचे, आई म्हणेल तेव्हा जेवायचे. शेजारची एक म्हातारी म्हणाली, कुणाला तरी दाखवा, बाहेरचं असंल. आईने तिला वाटेला लावलं. आमच्या घरात अंगारे-धुपारे चालत नाहीत. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, ते कधीच बंद केले. ते दर पौर्णिमेला विहारात जातात आणि देवऋषाचं नाव काढलं की चिडतात. अंगारा चालत नव्हता हे चांगलंच, पण डोक्याच्या डॉक्टरचं नावही कधी कुणी काढलं नव्हतं.

आठवडा गेला तशी दादाने चार माणसं जमवली. चार माणसं घेऊन जायचं म्हणजे पोरीच्या सासरी बसून जाब विचारायचा. त्यात आमचे मामा होते, आणि मामा असले की आवाज चढतोच. रविवारी दौंडला जायचं ठरलं. ओसरीवर बोलणं चाललं होतं, मी आत तांदूळ निवडत होते. दादा म्हणत होता, हिला आता धाडायचीच नाही. कुणीतरी पोरीचं काय म्हणून विचारलं. मामा म्हणाले, "पोरगी त्यांची हाय, ती त्यांच्याकडंच ऱ्हाईल."

अशा बैठका कशा संपतात ते मी बघितलंय. माझी चुलत बहीण चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आली होती. दोन्हीकडच्यांचं एकदा बोलून झालं, मग शब्द मागे घ्यायला कुणी तयार होईना, आणि एक दिवस टेम्पोतून तिची भांडी परत आली. तिचा मुलगा आता तिला ओळखत नाही. माझंही तेच होणार होतं. नवऱ्याचा काही दोष नव्हता, आत्यांचा नव्हता, आणि माझी मुलगी एका शब्दापायी माझ्यापासून तुटणार होती. उठून ओसरीवर जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं. मी तांदळातले खडे काढत राहिले.

शनिवारी दुपारी आप्पा जेवायला बसले. त्यांना शुगर आहे. जेवणाआधीची गोळी ते विसरले होते, आणि आई पाण्याचा तांब्या आपटून त्यांना बोलत होती, गोळी चुकवायची आन् मग चक्कर आली की साऱ्या घराला घोर लावायचा. आप्पा मुकाट्याने गोळी घेत होते. मी भिंतीला टेकलेली होते. काही ठरवलं नव्हतं. गोळी हा शब्द समोर आलेला होता, मी उचलला.

"माझी पण गोळी चुकलीय," मी म्हणाले.

आईने विचारलं, कसली गोळी?

"मागं घेत होते ती. मन मरतं, त्याची. ती बंद केली आन् आता असं झालंय. तिकडच्या कुणाचं काय चुकलं न्हाई."

एवढं बोलून मी दमले. आप्पांनी ताटावरून हात बाजूला घेतला. आईला रागच आला. "मग करमत न्हाई कशापायी म्हनलीस? मानसानं काय समजायचं?"

"दुसरं काय म्हणायचं?" मी विचारलं. टोमणा नव्हता. कुणी सांगितलं असतं तर मला तेव्हा हवंच होतं.  आई माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने माझ्या डोक्याला तेल लावायला घेतलं.

आप्पा उष्ट्या हातानेच ओसरीवर गेले आणि दादाला म्हणाले, उद्याचं रद्द. दादा फुगला, जीप सांगून झाली होती. मामांना तर भांडण हुकल्याचं फार वाईट वाटलं. ते अजूनही कधीमधी म्हणतात, पण एकदा जाऊन यायला पाहिजे होतं.

सोमवारी आप्पा मला शिरूरला डॉक्टरकडे घेऊन गेले. दवाखान्याच्या पाटीवर मनोविकार असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे आणि बाक रस्त्यावरून दिसतो. आमच्या गावचा एक जण समोरून चालला होता. तो थांबला आणि विचारायला लागला, आप्पा, इकडं कुठं? मी पदर पुढे ओढला. आप्पा नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "पोरीची गोळी संपलीय. न्यायला आलोय." तो माणूस बरं बरं म्हणून गेला.

डॉक्टरने गोळ्या कधी बंद केल्या ते विचारलं. बरं वाटलं तेव्हा, मी म्हणाले. तो म्हणाला, सगळे तेव्हाच करतात. मग त्याने जीव द्यावासा वाटतो का असं स्पष्ट विचारलं. मी म्हणाले, त्याला पण उठावं लागतं. तो हसला नाही. त्याने पेन खाली ठेवून आणखी बरंच विचारलं आणि आप्पांना आत बोलावून माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं. मग मला म्हणाला, गोळीने पहिले काही दिवस काहीच वाटणार नाही, तरी घ्यायची. आणि बरं वाटलं की बंद करायची नाही, माझ्याकडे यायचं. बरं वाटल्यावर कुणी येत नाही, अशी त्याची तक्रार होती.

बाहेर आल्यावर आप्पांनी माझ्या नवऱ्याला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे कंपनीच्या गेटवरचा आवाज येत होता. 

"मला वाटलं, मीच नको झालोय," तो म्हणाला.

दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग ओढलेलं कळतं पण दुखत नाही. तसंच झालं. इथे दुखायला पाहिजे, ती जागा मला दिसत होती. मी त्याला म्हणाले, न्यायला या.

दौंडला आल्यावर पहिले दिवस वाईटच गेले. तोंडाला कोरड, पोटात मळमळ, आणि दिवसा झोप. आत्या चहानंतर स्वतःची गोळी घ्यायच्या आणि माझी माझ्या हातावर ठेवायच्या, तोंडात टाकेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. त्यांना हे पटलं होतं असं नाही. मी घेत होते, वाटत काही नव्हतं. सोपे ब्लाऊज तेवढे शिवायला घेतले, अस्तर नसलेले, आणि तेही गल्लीतल्या दुसऱ्या टेलरने कापून दिलेले.

अशी एक दुपार होती. मी मशीनवर बसले होते आणि मुलगी खाली फरशीवर शाळेचं काहीतरी करत होती. करकर आवाज आला म्हणून बघितलं. माझ्या कापडाच्या मोठ्या कात्रीने ती पुठ्ठा कापत होती. टेलरच्या घरात पोर चालायला लागलं की पहिली ताकीद हीच, कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, धार जाते.

"ठेव ती खाली," मी ओरडले. "किती वेळा सांगितलंय तुला? अक्कल आहे का नाही?"

तिने कात्री खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, आणि उठून आत पळाली. घाबरून नाही. घरात पाहुणे आल्याची वर्दी द्यावी तशी ती ओरडत गेली, "आज्जी, आई ओरडली. पप्पा, उठा ना, आई ओरडली मला."

नाईट करून झोपलेला माझा नवरा बनियनवर बाहेर आला. आत्या पीठ लागलेल्या हाताने आल्या. मुलगी त्यांच्या मधे उभी राहून धापा टाकत सांगत होती, "मी रोज कापत होते. शिरूरला जायच्या आधीपासनं. रोज हिच्यासमोर बसून कापत होते, तरी ही काहीच म्हणत नव्हती."

मी कात्री उचलली आणि चिंधीवर चालवून बघितली. कापडाला चीर पडेना, ते नुसतं चावलं जात होतं. इतकी धार जायला किती दिवस लागतात ते मला माहीत आहे. तितके दिवस ती माझ्यासमोर बसली होती. मी तिचा दंड धरून तिला जवळ ओढलं आणि पुन्हा ओरडले, आणि ओरडता ओरडता मला रडू आलं.