वन्संची फटफटी

माझ्या नणंदबाईंनी उभ्या आयुष्यात परवानगी मागितली ती फक्त वाघाची. आईवडिलांची मागितली नाही, भावाची नाही, जव्हार दरबाराची तर नाहीच नाही. देवापुढे हात जोडून उभ्या राहिल्या तरी त्यांचं बोलणं 'अमुक करायचं ठरवलंय, लक्ष असू दे' इतपतच असे. मी लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या, म्हणून माझ्या माहेरच्यांना पोरीचं भाग्य थोर वाटलं होतं. वन्संना त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं. आमचे हे दरबारात कारकून, स्वभावानं इतके सावध की दोरीवरचं धोतर वाऱ्यानं हललं तरी आधी 'कोण आहे?' म्हणून विचारायचे. एकाच आईच्या पोटी ही दोन माणसं कशी आली हे कोडं मला कधी सुटलं नाही. माझी समजूत अशी की घरातलं सगळं धाडस थोरल्या अक्कांनी आधीच उचललं आणि धाकट्याच्या वाट्याला उरलं ते फक्त धोतर.

वन्सं ऐन तारुण्यात विधवा झाल्या. रीतीप्रमाणे सासरच्या दोन काकांनी न्हावी बोलावून आणला. वन्संनी त्याला ओटीवर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "ज्यांनी बोलावलंय त्यांची करून टाक आणि जा." न्हावी बिचारा गरीब माणूस. आलेला हेलपाटा फुकट जाऊ नये म्हणून त्यानं खरोखर एका काकांची दाढी केली म्हणतात. त्यानंतर वन्संनी सासर सोडलं, नाशिकला जाऊन बाळंतपणं करायचं रीतसर शिक्षण घेतलं आणि संस्थानच्या दवाखान्यात नर्सबाई म्हणून रुजू झाल्या. तिथून एक नवंच खूळ त्यांनी घरी आणलं, ते म्हणजे हात धुणं. कोपरापर्यंत, कारबोलिक साबणानं, आणि दुसऱ्यांचेसुद्धा. माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला विधवेनं बायकांत यायचं नसतं म्हणून त्या आल्या नाहीत, पण दारात तांब्या आणि साबण घेऊन उभ्या राहिल्या. संस्थानच्या कारभाऱ्यांच्या पत्नीसकट एकही बाई कोरड्या हातांनी आत आली नाही. अत्तराचा पत्ता नव्हता, सगळं घर दवाखान्यासारखं घमघमत होतं आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. रात्री मी रडले तर म्हणाल्या, "रड, पण डोळे पुसायच्या आधी हात धू."

पाड्यांवर त्या बैलगाडीनं किंवा संस्थानच्या तट्टावरून जायच्या. त्या तट्टाला चढाची नावड होती आणि उताराची भीती, त्यामुळे आमच्या डोंगरात त्याचा उपयोग किती ते समजून घ्यावं. जातील तिथे नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन यायच्या. आळीतल्या बायका त्यावरून कुजबुजत. वन्सं भर विहिरीवर सांगत, "भाकरी फार सुरेख होती. तुम्हांला जमायची नाही."

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण एकदा मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून बोलावणं आलं. बाई अडली होती. वन्सं बैलगाडीनं निघाल्या, वाटेत एक बैल बसला, आणि त्या पोचल्या तेव्हा बाईला झोपडीबाहेर आणून ठेवलेलं होतं. मूलही गेलं होतं. परत आल्यावर त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले आणि ओटीवर बसून राहिल्या. जेवायला बोलवायला गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बैल त्याच्या चालीनं चालला होता गं, आणि मी नुसती बसले होते." त्यांचा तो चेहरा मी विसरले नाही. त्या चेहऱ्याचं काय करायचं हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांना मात्र कळलं होतं.

मोखाड्याला तेव्हा इंग्रजांचा अंमल. तिथला जंगलखात्याचा एक साहेब विलायतेला परत निघाला होता आणि त्याची जुनी फटफटी विकायची होती. ती घ्यायला वन्सं निघाल्या, सोबत म्हणून मला घेतलं. हातातल्या सोन्याच्या पाटल्या त्यांनी आदल्याच आठवड्यात मोडल्या होत्या. साहेबाचा खानसामा फटफटीचे गुण गाऊ लागला. वन्संनी त्याला गप्प केलं आणि अडलेल्या बाईला तपासावं तशी फटफटी तपासली. आधी लांबून बघितलं, मग भोवती फिरून. चाकाची एकेक तार बोटानं वाजवून पाहिली आणि सैल निघाल्या त्यांना दोरा बांधला. टाकीखाली पांढरा रुमाल अंथरून ठेवला आणि तेल गळतंय का ते चहा होईपर्यंत पाहिलं. मग खानसाम्याला ती सुरू करायला लावली आणि पिशवीतून ती लाकडी नळी काढली, बायकांच्या पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकतात ती. नळी फटफटीच्या पोटाला लावून, डोळे मिटून बराच वेळ बसल्या. "धाप आहे," म्हणाल्या, "पण ठोके नियमित आहेत. जगेल." खानसाम्याला विचारलं, "ही कधी पडली होती?" तो म्हणाला, कधीच नाही बाईसाहेब. वन्संनी हँडलाचं वाकलेलं टोक त्याच्यापुढे धरलं. मग तो म्हणाला, साहेब पडला होता. एवढं झाल्यावर सौदा झपाट्यानं उरकला.

ब्रेक अगदीच नावाचा होता, म्हणून फटफटी बैलगाडीत घालून आणली. वाटेत मोठा उतार लागला तेव्हा गाडीवानानं आपल्याकडच्या रीतीप्रमाणे एक लाकडाचा ओंडका दोरानं गाडीच्या मागे बांधला, म्हणजे तो फरफटत येतो आणि गाडी बैलांच्या अंगावर जात नाही. वन्सं सबंध उतारभर मागे वळून त्या ओंडक्याकडे बघत होत्या. खाली आल्यावर म्हणाल्या, "हा माणूस आधी थांबायची सोय करतो, मग उतरतो." आणि घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की फटफटी थांबायला शिकल्याखेरीज ती चालू करायची नाही.

मग आमच्या अंगणाचा कारखाना झाला. सैल तारा आवळल्या, साखळी रॉकेलमध्ये भिजत घातली, भोकं पडलेल्या ट्यूबला ठिगळं लावली. पेट्रोलची नळी फुटकी होती तिथे वन्संनी दवाखान्यातली रबरी नळी बसवली, ती दोन दिवसांत शेवाळासारखी लिबलिबीत होऊन गळून पडली. त्याबद्दल त्यांनी नळीला नावं ठेवली, स्वतःला नाही. ब्रेक म्हणजे मागच्या चाकाच्या कडेवर दाबून बसणारे दोन ठोकळे होते, ते झिजून गेलेले. त्यांना चांगलं जाड चामडं हवं होतं. एका सकाळी आमचे हे दरबारात जायला निघाले तर बुटांना तळ नव्हते. "अक्का, हे दरबारी बूट होते हो," एवढंच ते म्हणाले. वन्सं म्हणाल्या, "आता ते कामाला लागलेत." त्या दिवशी आमचे हे वहाणा घालून मुजऱ्याला गेले आणि संध्याकाळी तोंड लहान करून आले.

परीक्षा शिरपामाळाच्या उतारावर झाली. इंजिन बंद, वन्सं पुढे, मागे मी. पाड्यावरून एखादी अडलेली बाई आणायची झाली तर वजन पेललं पाहिजे, म्हणून मी. "तू दोन जिवांची नाहीस, पण वजन तेवढं भरतंय," असा माझा गौरव करून त्यांनी मला बसवलं आणि पाय उचलले. पहिल्या खेपेला आम्ही करवंदीच्या जाळीत थांबलो. त्यांनी ठोकळे आवळले. दुसऱ्या खेपेला जाळीच्या अलीकडे थांबलो आणि सगळ्या माळावर ह्यांच्या बुटांचा जळका वास सुटला. मग त्यांनी चाकावर पाणी ओतून पाहिलं, तर चामडं निसटलं आणि आम्ही पुन्हा जाळीत. त्यावर राळेची पूड घासून घासून अखेर ओलं चाकसुद्धा जागच्या जागी उभं राहिलं, तोवर माझ्या लुगड्याच्या चिंध्या झाल्या होत्या. माळावर येणारेजाणारे थांबून बघत होते. मला शरमेनं मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्या दिवसाइतकी मी माहेरीसुद्धा कधी हसले नव्हते.

फटफटी चालू झाली आणि दरबार जागा झाला. कारभाऱ्यांनी आधी भावाला बोलावून दम दिला. भावानं तो जसाच्या तसा घरी आणून दिला. मग खुद्द वन्संना बोलावणं आलं. बाईमाणसानं ह्या यंत्रावर बसणं संस्थानच्या इभ्रतीला शोभत नाही, शिवाय त्या संस्थानच्या नोकर असून मोखाड्याच्या हद्दीत का जातात, असा जाब कारभाऱ्यांनी विचारला. वन्सं म्हणाल्या, "पोट दुखायला लागल्यावर बाई हद्द कुठे आहे ते बघत नाही. मीही बघत नाही." कारभाऱ्यांनी बजावलं की पुन्हा फटफटीवरून हद्द ओलांडली तर नोकरी गेली म्हणून समजा.

पुढच्याच आठवड्यात सकाळी हद्दीपलीकडच्या पाड्यावरून एक म्हातारा धावत आला. त्याची सून अडली होती. निरोप सांगून तो आडवाटेनं परत पळाला. आमचे हे फटफटीपुढे आडवे उभे राहिले. त्यांची समजूत घालण्यात, म्हणजे त्यांना उचलून बाजूला ठेवण्यात, थोडा वेळ गेला. मग वन्सं काष्टा आवळून पुढे बसल्या आणि मी औषधांची पिशवी घेऊन मागे. हद्दीवर वाघदेवाची फळी आहे, लाकडात कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्याला शेंदूर. तिथे तो म्हातारा रस्त्याच्या मधोमध बसला होता.

"बाय, ही डरकाळते," तो म्हणाला. "वाघदेवाला दावल्याबिगर पुढं नको नेस. त्याच्या रानात दुसरा कुणी डरकाळला ते त्याला खपत नाय."

मला वाटलं, आता म्हाताऱ्याची काही खैर नाही. पण वन्संनी इंजिन बंद केलं, खाली उतरल्या, वहाणा काढल्या. हात जोडून म्हणाल्या, "वाघोबा, ह्या वाटेनं माझं येणंजाणं राहील. आवाज हिचा मोठा आहे, मनात काही नाही. जाऊ का?" म्हाताऱ्यानं फळीवरचा शेंदूर बोटानं घेऊन फटफटीच्या दिव्याला लावला, रानाकडे कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जा म्हनतो." मग वाट दाखवायला तो पिशवी घेऊन माझ्या जागी बसला आणि ती दोघं गेली. वाघाच्या रानातून मी एकटी पायी, रामरक्षा म्हणत. पाड्यावर पोचले तेव्हा झोपडीतून पोराचं रडणं ऐकू येत होतं आणि वन्सं म्हाताऱ्याला हात धुवायला लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांनी कचेरीत सगळ्यांसमोर विचारलं, कुणाच्या परवानगीनं गेलात. "वाघाच्या," वन्सं म्हणाल्या. "ज्याची वाट त्याला विचारलं. तुम्ही त्या वाटेनं कधी गेला नाहीत." नोकरी जायची ती गेली. वन्संनी ट्रंक गाडीत घातली आणि मोखाड्याला खोली घेऊन राहिल्या. गाव म्हणालं, बाई दोन महिन्यांत वाकून परत येईल. त्या आल्या नाहीत. पाड्यापाड्यांवरून त्यांना तांदूळ, नागली, कोंबड्या येत होत्या, आणि डोंगरातून तो फटफटीचा आवाज आला की रस्त्यात उभी असलेली गुरं आपणहून बाजूला होत म्हणे.

पुढे मलाच दिवस गेले. नऊ महिने उलटले आणि कळा सुरू झाल्या त्या थांबेनात, पण सुटका होईना. नवीन नर्सबाई म्हणाल्या, वाट बघू. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे कचेरीत गेले आणि कधी नव्हे ते कुणाला न विचारता बाहेर पडले. मिळेल त्या गाडीनं, उरलेलं पळत, त्यांनी मोखाडा गाठला. दुपारी जव्हारच्या भर बाजारातून, कचेरीच्या दारावरून, आमचे हे टोपी गमावलेल्या अवस्थेत, बहिणीच्या कमरेला दोन्ही हातांनी धरून फटफटीवरून आले. कारभारी खिडकीत होते असं मागून कळलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, मी डोळे मिटले होते.

माझी मुलगी पायाळू होती, तिच्या मानेला नाळेचा वेढा होता. वन्संनी काय केलं ते मला सांगता यायचं नाही, मला फक्त त्यांचे हात आठवतात. मुलगी निळी आली आणि मग रडली. त्यांनी तिला धुतलं, गुंडाळलं, माझ्या कुशीत ठेवलं आणि घंगाळाशी हात धुवायला बसल्या. मी म्हटलं, "वन्सं, वेळेवर आलात हो."

प्रत्येक बोलण्याला ज्यांच्याजवळ उत्तर तयार असे त्या माझ्या नणंदबाई पाठमोऱ्या बसून हात धूत राहिल्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. त्यांचे खांदे हलत होते, आणि मी काही बघितलं नाही असं दाखवून मुलीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळानं त्या उठल्या, मोखाड्याकडे आणखी एका बाईचे दिवस भरले होते म्हणून निघाल्या, आणि बारशालाही त्यांना सवड झाली नाही.