दारावरचं चक्र

माझ्या सासऱ्यांना बोईसरजवळच्या आमच्या सालवडमध्ये ओळखत नाही असं घर नव्हतं, आणि त्यांना आपणहून चहाला बोलावलंय असंही घर नव्हतं. नाव नागोराव. सगळे तात्या म्हणायचे. हिंगोलीकडून तरुणपणी बोईसरला आले, दोऱ्याच्या कंपनीत लागले आणि एकतीस वर्षांनी तिथूनच रिटायर झाले. पण ते कंपनीत काय काम करायचे हे विचारलंत तर इथं कुणाला सांगता यायचं नाही. तात्या म्हणजे तिरडी बांधणारे, एवढंच लोकांना माहीत.

ते त्यांनी काही हौसेनं घेतलेलं नव्हतं. ते आले त्या वर्षी चाळीत एक बिहारी कामगार गेला. खोलीत सहा जण राहायचे, सहाच्या सहा पोरसवदा, कुणाला काही ठाऊक नाही. तात्यांनी गावी आपल्या चुलत्यांना बांधताना बघितलं होतं. त्यांनी बांबू आणले, सुतळी आणली, आडव्या कामट्या टाकल्या आणि बांधून दिली. झालं. त्या दिवसापासून सालवडमध्ये कुणी गेलं की पोरगं पळत यायचं, तात्यांना बोलवा. नाइट करून आलेला माणूस, तोंडात घास असला तरी तसाच उठायचा. पुढे कामगार मंडळाचं कुणी गेलं की पुष्पचक्र लागायचं. ते पालघरहून आणेपर्यंत उशीर व्हायचा, म्हणून तेही तात्या शिकले. बांबूची ओली कामटी वाकवायची, तिच्यावर भाताचा पेंढा आवळायचा, वर फुलं. त्यांचं चक्र कधी सुटलं नाही की वाकडं झालं नाही.

पण असल्या हातांना लोक भितात. कुणी आजारी असलं आणि तात्या चौकशीला गेले, तर घरच्या बायकांची पाचावर धारण बसायची. मग त्यांनी चौकशीला जाणंच सोडलं. लग्नाची पत्रिका यायची, नाही असं नाही, पण दाराच्या फटीतून सरकवलेली. बारशाला, हळदीला सासूबाई एकट्या जायच्या. मी स्वतः बारा वर्षांची असताना माझे वडील गेले, तेव्हा तात्यांनीच त्यांना बांधलं. नंतर माझं त्यांच्या मुलाशी, ज्ञानेशशी जमलं तर माझी आई म्हणाली, "त्या घरात? रोज उठून तोंड बघायचं त्याचं?" ज्या माणसानं तिच्या नवऱ्याची तिरडी फुकट बांधली, त्याच्याबद्दल. मला तेव्हा इतका राग आला होता तिचा. आता माझ्या रागाला काय अर्थ आहे ते पुढे कळेलच.

सासूबाई, राहीबाई, करोनाच्या आदल्या वर्षी गेल्या. त्यांनाही तात्यांनीच बांधलं, दुसरं कोण येणार होतं. त्यानंतर दम्यानं त्यांना घरात बसवलं. तेवढ्यात नगरपरिषदेची गाडी आली, तयार सामानाची दुकानं आली, लोकांना तात्यांची गरज राहिली नाही. वाईट कामाला का होईना, बोलावणं यायचं, तेही थांबलं. माणूस खिडकीशी बसून राहायचा. दोन घास खायचा, ताट सारायचा.

मी घरबसल्या रुखवत, पूजेची ताटं, तोरणं करून देते. गेल्या वर्षी नोव्हेंबरात पालघर रस्त्याच्या नव्या टॉवरमधल्या जागृतीचा फोन आला. घर बघाल तर डोळे दिपतील. राखाडी भिंती, छतात लपवलेले दिवे, दाराला बोट लावलं की उघडणारं कुलूप, बाल्कनीत प्लास्टिकचं गवत. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला, हिरव्या पानांचं गोल चक्र, त्याला लाल फीत आणि सोनेरी घंट्या. म्हणाली, "रूपालीदीदी, ख्रिसमसला मेन डोअरवर रीथ पाहिजे. एक टीव्हीच्या वर, एक बाल्कनीत."

मला हसूच आलं. म्हटलं, "हे वसईकडच्या लोकांचं ना? तुमच्यात कुठं असतं?"

"सण सगळ्यांचे असतात. घर छान दिसतं," ती म्हणाली. तेही खरंच.

मी ऑनलाइन तारेच्या रिंगा मागवल्या. मेल्या अशा आल्या की हातात घेतल्या की लांबट व्हायच्या. शिरगावच्या किनाऱ्यावरून वाऱ्यानं पडलेल्या सुरूच्या फांद्या गोणीभर आणल्या होत्या, त्या गुंडाळल्या की सगळं एका बाजूला कलंडायचं. तिसऱ्या वेळेला मी ती रिंग भिंतीवर आपटली. तात्या खिडकीतून बघत होते.

"चक्र करायलीस?" त्यांनी विचारलं. "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, तात्या. दारावर लावायचंय. सणाचं आहे."

"दारावर? जित्या माणसांच्या?"

त्यांना पटायला अर्धा तास लागला. मोबाइलमधले फोटो चष्मा लावून बघितले, परत परत बघितले. मग म्हणाले, "कामटी आण. अन् माझी सुरी."

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात काय होतं ते कुणाला सांगून खरं वाटायचं नाही. तात्या सकाळी उठून स्वतः अंघोळ करायचे. बांबू तासायचे, भिजवायचे, वाकवायचे. दम लागला की थांबायचे आणि पुन्हा धरायचे. पहिल्या चक्राचे फोटो मी मोबाइलवर टाकले, ते बघून जागृतीच्या मजल्यावरच्यांनीही सांगितलं, ऑर्डर अकरावर गेली. सुरूची टोकं सगळी एकाच दिशेनं वळली पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. मी घंट्या लावायचे तर म्हणायचे, "तीन नको, दोनच लाव, लई आवाज बरा नाही." दुपारी भाकरी मागून घ्यायचे. ज्ञानेश ड्यूटीवरून आला की बापाकडे बघत उभा राहायचा आणि मला म्हणायचा, "तू काय केलंस काय?" मी आपली मिरवून घ्यायचे.

एके दिवशी ते म्हणाले, "पोरी, एक डाव मला बी ने. दारावर लावलेलं बघायचंय. माझ्या हातचं आजपर्यंत मढ्यावरच गेलं. दारावर कसं दिसतंय ते बघू दे, मग काही मागत नाही."

एवढंच मागितलं त्या माणसानं. मी म्हटलं, नेते की.

त्यांच्याकडे सगळे पांढरेच सदरे. मयताला जायचे ते. त्या दिवशी त्यांनी पांढरा घातला नाही, ज्ञानेशचा निळ्या चौकड्यांचा शर्ट मागून घेतला. न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आले. रिक्षात चक्र मांडीवर धरून बसले होते, मला हात लावू दिला नाही. टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरलो, तर इकडेतिकडे बघून म्हणतात, "यातून आडवा माणूस जायचा नाही. उभा धरून न्यावा लागंल."

"तात्या, आज तरी नको ना ते," मी म्हटलं.

"राहिलं," ते म्हणाले आणि गालात हसले. त्यांना हसताना बघून मलाही बरं वाटलं.

जागृतीनं दार उघडलं. तिनं आधीच हूक लावून ठेवला होता. मी चक्र अडकवलं. तात्यांनी पुढे होऊन ते बोटानं थोडं फिरवलं, कामटीची गाठ वर आणली, आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिले. खरंच सुंदर दिसत होतं हो. त्या राखाडी दारावर हिरवंगार. तात्यांचे डोळे भरून आले होते, मी बघितलं.

तेवढ्यात आतून जागृतीची सासू आली, जमनाबेन. गुडघे धरून हळूहळू. त्यांनी तात्यांकडे बघितलं आणि तिथंच थबकल्या.

"तुमी तात्या ना? सालवडचे?"

तात्यांनी हात जोडले. मला कुठं माहीत की हे लोक टॉवरमध्ये यायच्या आधी सालवडच्या मागच्या गल्लीत राहायचे. जमनाबेनच्या नवऱ्यालाही तात्यांनीच बांधलं होतं.

"तुमी इथं कशाला आले?" त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर दारावरच्या चक्रावर गेली. जे गोल चक्र त्यांनी नवऱ्याच्या छातीवर बघितलं होतं, तेच आता स्वतःच्या उंबऱ्यावर. चेहरा असा उतरला त्यांचा. एक हात छातीवर गेला. "हर्षित सुरतहून निघाला हाय. हायवेला हाय माझा पोरगा. जागृती, त्याला फोन लाव. आधी फोन लाव."

जागृतीनं लावला. हर्षित चारोटीला जेवत होता, ठणठणीत होता. तरी जमनाबेनचा हात छातीवरून खाली येईना. त्या बाईला मी वाईट म्हणत नाही, भीती काही कुणी विकत आणत नाही. त्यांनी मला विचारलं, "हे यांनी बनवलं? यांच्या हातचं हाय?"

जागृती माझ्याकडे बघत होती. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. फोटो टाकले तेव्हा खाली लिहिलं होतं, 'हाताने बनवलेलं.' कुणाच्या हातानं ते लिहिलं नव्हतं. शेजारची दोन दारंही उघडली होती, तिथंही आमचीच चक्रं लागायची होती. माझ्या डोळ्यांपुढे अकराच्या अकरा ऑर्डरी रद्द होताना दिसल्या, आणि बोईसरभर होणारी बोंब.

मी म्हटलं, "छे, मीच बनवलंय. हे नुसते सोबत आलेत. जिना चढायला जमत नाही, पण घरात बसून कंटाळतात ना."

तिथं लिफ्ट होती. जिन्याचं मी का बोलले, देव जाणे. खोटं बोलताना माणूस काहीही बोलतो.

तात्या माझ्याकडे बघत नव्हते. चक्राकडे बघत होते. मग जमनाबेनना म्हणाले, "व्हय. मला कुठं येतंय असलं. पोरीची कला हाय ती."

जमनाबेनचा जीव भांड्यात पडला. चक्र दारावर राहिलं. जागृती म्हणाली, आत या, पाणी घ्या. तात्या नको म्हणाले. ज्या घरी मयताला जायचे तिथं ते कधी पाणी घेत नसत, तो त्यांचा नेम. त्या दिवशीही त्यांनी तो पाळला.

रिक्षात मी तोंड उघडलं. "तात्या, मी काय म्हणत होते..."

"गाठ वर ठेवत जा," ते म्हणाले. "खाली आली की ओझ्यानं ढिली पडती. तेवढं ध्यानात ठेव."

अजून चार चक्रं व्हायची होती. दुसऱ्या दिवशी मी कामट्या भिजवून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी हात लावला नाही. म्हटलं, तात्या, एवढी चार करा. ते म्हणाले, "मला कुठं येतंय असलं." रागानं नाही. साध्या आवाजात, भाकरी नको म्हणावं तसं. मी रडले, पाय धरले, माफी मागितली. ज्ञानेशनंही समजावलं. प्रत्येक वेळेला तेच. "मला कुठं येतंय असलं, पोरी." निळा शर्ट त्यांनी घडी करून ज्ञानेशच्या कपाटात ठेवून दिला आणि पुन्हा पांढरा घातला.

ती चार चक्रं मी केली. दोन नाताळाच्या आतच सुटली.

मग खाणं पुन्हा कमी झालं. डॉक्टर म्हणाले वय आहे, दमा आहे. असेल. मला जे माहीत आहे ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. माघात तात्या गेले, पहाटे, खिडकीशी बसल्या बसल्याच.

सालवडमध्ये तिरडी बांधणारं कुणी नव्हतं. चार जण बांबूभोवती उभे राहिले, एकमेकांना विचारत, आडव्या किती टाकायच्या. शेवटी गाडीवाल्यानं अ‍ॅल्युमिनियमचं स्ट्रेचर काढलं, पट्टे लावले. मंडळानं पालघरहून तयार चक्र आणलं होतं, थर्माकोलवर टाचलेलं. उचलताना ते सरकलं आणि खाली पडलं. कुणीतरी परत ठेवलं, तर गाठ खाली आली. मी आतून बायकांमधून बघत होते. मला उठून ते नीट करायचं होतं. नाही उठले.

दहाव्याच्या दिवशी दुपारी भांडी घासत होते, तर जागृतीचा मेसेज आला. आमच्याकडचं कुणी गेलंय हे तिला माहीत नव्हतं, आणि मी कळवलंही नव्हतं. दाराचा फोटो होता. फेब्रुवारी आला तरी तिनं चक्र काढलं नव्हतं. सुरू वाळून तांबूस झाली होती, पण एक काडी जागची हलली नव्हती, गोल तसाच्या तसा. खाली लिहिलं होतं, 'दीदी, सगळे विचारतात कुणी बनवलं. मम्मीपण आता कौतुक करतात. या वर्षी पूर्ण टॉवरला पाहिजेत. तुमच्या हातात जादू आहे.'

मी हात पुसले. तो फोटो बराच वेळ मोठा करून बघितला. गाठ वर होती.

मग खाली लिहिलं, 'थँक्यू.'