पिशवी पालथी करा

आमच्या हाडांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांना सगळे पाठीमागे ‘झडती’ म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही, हे आज सांगून टाकते. कुणालाही दुखण्याचं इंजेक्शन द्यायचं झालं, की आधी त्या पलंगाशी जाऊन म्हणायच्या, “पिशवी पालथी करा.” घरून आणलेली सगळी औषधं चादरीवर पडायची. मग प्रश्न. पोटात कधी अल्सर झाला होता? दमा? किडनीचा त्रास? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? सकाळपासून काय खाल्लंय? आणि शेवटी, भर वॉर्डात, नातेवाइकांसमोर, “शी कुठल्या रंगाची होते?”

लोक लाजेनं अर्धमेले व्हायचे. एका म्हाताऱ्या मास्तरांनी तर भिंतीकडे तोंड फिरवलं. सिस्टर म्हणाल्या, “मास्तर, काळी होत असेल तर आत्ताच सांगा. काळी म्हणजे पोटात रक्त वाहतंय, आणि या इंजेक्शननं ते वाढतं. नंतर सांगायला तुम्ही राहायचे नाही.” मास्तरांनी मुकाट सांगितलं.

पिशवीत दुखण्याच्या गोळ्या सापडल्या, की त्या काढून घ्यायच्या. नाहीतर इकडून आम्ही देणार, तिकडून पेशंट उशीखालून गुपचूप घेणार, म्हणजे दुप्पट. मी स्ट्रिपवर पलंगाचा नंबर लिहायचे आणि ड्रेसिंगच्या खोलीतल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचे. डबा भरला की औषधांच्या खोलीत जमा.

गेल्या वर्षभरात तो डबा एकदाही भरला नाही. महिन्याला दहा-बारा स्ट्रिपा मीच टाकत होते, आणि उचलावा तर हलका. मग बोलली का नाहीस, असं मला आता सगळे विचारतात. मला वाटलं, झाडूवाली नेत असेल. त्या बिचारीवर संशय घ्यायला माझं काय जात होतं! सिस्टरांवर घ्यायला मन धजेना.

सिस्टरांचे गुडघे कामातून गेले होते. पण गुडघे धरून बसणाऱ्या सिस्टरची बदली रेकॉर्डच्या खोलीत होते, हे त्यांनी दोघींच्या बाबतीत पाहिलं होतं. “फायलींना कुठे सुया टोचत बसू?” म्हणायच्या. नवरा गेलेला, मुलगी लांब, त्यामुळे वॉर्ड हेच त्यांचं घर. हल्ली त्या जिन्यात मध्येच थांबायच्या. ओठ पांढरे पडले होते. घोट्यांवर मोज्यांची खूण खोल रुतलेली दिसायची. सुट्टीत जेवणाचा डबा तसाच, नुसता चहा. मी म्हटलं, “सिस्टर, एकदा रक्त तपासून घ्या ना.”

“तू तुझं काम बघ,” त्या म्हणाल्या. मग मी माझं काम बघितलं.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या जिन्यात चक्कर येऊन पडल्या आणि मनगट मोडलं. आमच्याच वॉर्डात त्यांना पलंग दिला. नव्या डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन लिहिलं आणि मी ते भरून आणलं. उशाशी त्यांची पर्स होती, फुगलेली. मी पर्सकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

“दे गं लवकर,” त्या म्हणाल्या. “जीव जातोय नुसता.”

सगळा वॉर्ड बघत होता. ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्यांना मी चारचौघांत शीचा रंग विचारू? माझी जीभ रेटेना. मी इंजेक्शन दिलं.

तीन वाजता त्यांना उलटी झाली. आधी चहाच्या चोथ्यासारखी काळी, मग लालभडक. डॉक्टर धावत आले, रक्ताच्या पिशव्या मागवल्या, कुणीतरी स्ट्रेचर आणायला पळालं. मी त्यांच्या पायाशी पर्स पालथी केली. तीन तऱ्हेच्या दुखण्याच्या गोळ्या पडल्या, अर्ध्या-अर्ध्या संपलेल्या स्ट्रिपा. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात पलंगाचा नंबर होता. एक मास्तरांची होती.

“किती दिवस काळी होतेय?” मी विचारलं.

“तीन आठवडे,” त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून, अगदी हळू, “सकाळी विचारलं असतंस, तर सांगितलं असतं.”

सहा वाजायच्या आत त्या गेल्या. खरंच सांगितलं असतं का, मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं.